अष्टप्रधानांविषयींचीं शाळकरी उत्तरें

सहामाही परीक्षेचे दिवस जवळ आले कीं आमच्या वाचनदालनांत शाळकरी मुलांची वर्दळ वाढते. एरवीं ज्या बांकावर जुने कागद चाळणारे दोन-तीन वृद्ध सभासद बसलेले असतात, त्या बांकावर वह्या उघडल्या जातात व दबक्या आवाजांत प्रश्न विचारले जातात. प्रश्न बहुधा एकच असतो : शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळाची माहिती लिहा आणि त्याची आजच्या मंत्रिमंडळाशीं तुलना करा. इतिहास आणि नागरिकशास्त्र हे दोन्ही विषय एका प्रश्नांत उरकून घेण्याची ही युक्ति शिक्षकांस सोयीची वाटत असावी. मुलें तो प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, पण सोबत त्याचें तयार उत्तरही आणतात. कारण प्रत्येकाच्या पिशवींत बाजारांत मिळणारी एखादी उत्तरपुस्तिका असतेच. अशा सात पुस्तिका गेल्या वर्षभरांत आम्हीं मुलांकडून मागून घेऊन वाचल्या. त्यांपैकीं एकीचाही नामनिर्देश येथें करीत नाहीं. सातांचें उत्तर इतकें सारखें आहे कीं एकीचें परीक्षण केलें म्हणजे सातांचेंही झालें.

हें परीक्षण लिहिण्यास एक कारण घडलें, तें आधीं सांगणें प्राप्त आहे. नववींत शिकणारी एक मुलगी गेल्या वर्षीं आमच्याकडे आली. राज्याभिषेकाच्या वेळीं अमात्य कोण होते, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. आम्हीं मोठ्या उत्साहानें सभासदाची बखर उघडली आणि नारो निळकंठ व रामचंद्र निळकंठ या दोघां बंधूंचीं नांवें तिला दाखविलीं. तिनें तीं जशींच्या तशीं गृहपाठांत उतरून घेतलीं. शिक्षकांच्या हातांतील पुस्तिकेंत रामचंद्र निळकंठ हें एकच नांव होतें; त्यांनीं तांबड्या शाईनें उत्तरावर काट मारली. आठवड्यानें ती मुलगी वही घेऊन परत आली व म्हणाली, "काका, तुमच्या बखरीमुळें माझे दोन गुण गेले." शिक्षकांस दोष देणें सोपें होतें, आणि त्या दिवशीं आम्हीं तो दिलाही. पुढें विचार करतां दोष आमचाच अधिक दिसूं लागला. बखर कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, तिच्यांत एका पदापुढें दोन नांवें कां असावींत, दुसऱ्या कागदांत काय आहे, यांतलें एक अक्षरही आम्हीं त्या मुलीस सांगितलें नव्हतें. आम्हींही तिला पुस्तिकेसारखेंच उत्तर दिलें. फरक इतकाच कीं आमची पुस्तिका जुनी होती.

पुस्तिकांतील उत्तर म्हणजे एक कोष्टक असतें. पहिल्या रकान्यांत पद, दुसऱ्यांत त्याचें फारसी नांव, तिसऱ्यांत व्यक्ति, चौथ्यांत काम आणि पांचव्यांत 'आजचें पद'. कोष्टक पाठ करण्यास सोपें जातें, हें आम्हांस मान्य आहे. लहानपणीं आम्हींही तें असेंच पाठ केलें. परंतु हे पांच रकाने एकाच कागदांतून निघालेले नाहींत, ही गोष्ट कोष्टक लपवितें. व्यक्तींचीं नांवें मुख्यतः कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीवरून आलीं आहेत. ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस शके १६१९ म्हणजे इ. स. १६९७ मध्यें लिहिली गेली. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. म्हणजे तेवीस वर्षांनंतर, मोंगलांच्या वेढ्याच्या काळांत, दूर कर्नाटकांत बसून एका जाणत्या सेवकानें केलेलें तें कथन आहे. कामांचा रकाना आला आहे तो राज्याभिषेक शक १ मधील म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानुजाबत्यावरून. तो मावजी व पारसनीस यांनीं आपल्या सनदापत्रांच्या संग्रहांत छापला. फारसी पदांस संस्कृत प्रतिशब्द देण्याची मोठी खटपट राजव्यवहारकोशांत झाली, आणि पदांच्या जोड्या सभासदही देतो. राहिला पांचवा रकाना. त्यास कोणत्याही जुन्या कागदाचा आधार नाहीं. त्याचा विचार पुढें करूं.

निरनिराळ्या काळच्या व निरनिराळ्या हेतूंनीं झालेल्या लेखनांतून एकेक रकाना उचलून ते शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे ते एकाच दिवशींचें चित्र असल्याचा भास होतो. या भासाचा परिणाम नांवांत लगेच दिसतो. सातांपैकीं दोन पुस्तिकांत राज्याभिषेकसमयींचे सेनापति म्हणून प्रतापराव गुजर यांचें नांव आहे. प्रतापराव नेसरीच्या खिंडींत फेब्रुवारी १६७४ मध्यें पडले. राज्याभिषेक त्यानंतर सवातीन महिन्यांहून अधिक काळानें झाला, व तेव्हां सेनापति हंबीरराव मोहिते होते. नेसरीची कथा त्याच पुस्तिकांत दहा पानें आधीं रसभरित भाषेंत दिलेली आहे. पण त्या पानाची गांठ या पानाशीं घालून पाहण्याची तसदी लेखकानें घेतली नाहीं, आणि मुलानेंही घ्यावी अशी त्याची अपेक्षा नाहीं. पंडितरावांच्या पुढें एका पुस्तिकेंत मोरेश्वर, तर दुसरींत रघुनाथ असें नांव आहे. दोन्ही नांवें कोठून तरी आलीं आहेत, तीं खोटीं आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण एकीनेंही आपल्या निवडीचें कारण दिलेलें नाहीं. एकाच वर्गांतील दोन मुलांनीं दोन पुस्तिका वापरल्या तर एकाचा गुण जाणार, आणि कां गेला हें त्यास कधींच कळणार नाहीं.

याहून महत्त्वाचा मुद्दा वंशपरंपरेचा. सर्व पुस्तिका एकमुखानें सांगतात कीं शिवाजी महाराजांनीं प्रधानपदें वंशपरंपरागत ठेवलीं नाहींत. विधान खोटें नाहीं, पण तें ज्या ठसक्यानें केलें जातें तो ठसका कागद पाहतां टिकत नाहीं. ज्या सभासदाच्या यादीवरून नांवें घेतलीं, त्याच यादींत अमात्यपद निळो सोनदेवांच्या मुलांस गेलें आहे, आणि सुमंतपद त्रिंबक सोनदेव डबिरांच्या मुलास, रामचंद्रपंतांस, मिळालें आहे. मोरोपंत पिंगळे १६८० मध्यें वारल्यावर त्यांचे पुत्र निळोपंत पेशवे झाले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. मोरोपंतांपूर्वींचे पेशवे शामराजपंत हे पिंगळ्यांपैकीं नव्हते, आणि १७१३ मध्यें शाहू महाराजांनीं पेशवाई बाळाजी विश्वनाथ भटांस दिली तेव्हां ती पुनः दुसऱ्या घराण्यांत गेली. म्हणजे मुलाचा हक्क नव्हता, पण मुलाकडे पहिली नजर जात असे. लायक असेल तर पद त्यास मिळे, नसेल वा प्रसंग पालटला असेल तर दुसऱ्यास मिळे. हक्क आणि रीत यांतला हा भेद नववीच्या मुलास कळत नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. त्याच्याच गांवांत सरपंचाचा मुलगा सरपंच होतांना त्यानें पाहिलेला असतो, व तेथें कायदा काय म्हणतो हेंही त्यास ठाऊक असतें.

पुढें हीं पदें घराण्यांत कशीं मुरलीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंत अमात्य, आणि राजाराम महाराजांच्या वेळीं आठांवर नवें निर्माण झालेलें प्रतिनिधीचें पद चालविणारे औंधकर, या घराण्यांचीं दप्तरें आपल्यापैकीं कित्येकांनीं हातीं धरलीं आहेत. भोर व औंध हीं संस्थानें १९४८ मध्यें विलीन झालीं, तोंपर्यंत राज्याभिषेकाच्या प्रधानमंडळाची ही सावली सह्याद्रींत उरली होती. गंमत अशी कीं वतनांच्या लोभावर ज्यांनीं आज्ञापत्रांत कोरडे ओढले त्या रामचंद्रपंतांच्याच वंशजांकडे बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. यांतली एक ओळही पुस्तिकांत नाहीं. त्यांचे अष्टप्रधान १६७४ च्या जूनमध्यें रायगडावर उभे राहतात आणि तेथेंच थिजतात.

फारसी नांवांच्या रकान्याविषयीं थोडेंच लिहावयाचें आहे. 'महाराजांनीं फारसी पदें रद्द केलीं' असें वाक्य सातांतही आहे. संस्कृत नांवें दिलीं गेलीं हें निश्चित. पण पेशव्यांच्या शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' कोरलेलें असे आणि लोकांच्या तोंडीं शेवटपर्यंत 'पेशवे'च राहिले, हें शिक्के पाहणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. मुजुमदार, डबीर, सबनीस हीं आडनांवें आजही घरोघर आहेत. शिक्क्यावर एक भाषा व बोलण्यांत दुसरी, असें दीडशें वर्षें चाललें. 'रद्द' या एका शब्दांत तें मावत नाहीं.

खरा घोंटाळा होतो तो संस्कृत नांवांमुळेंच, आणि तो कोणत्याही पुस्तिकेनें ओळखलेला नाहीं. आज 'मंत्री' म्हणजे निवडून आलेला, खातें सांभाळणारा पुरुष वा स्त्री. आणि 'सचिव' म्हणजे त्या खात्याचा वरिष्ठ नोकर. मुलाच्या कानांत हे अर्थ वर्तमानपत्रांतून भरलेले असतात. तो कोष्टकांत 'सचिव : अण्णाजी दत्तो' असें वाचतो आणि अण्णाजीपंत हे कोणा मंत्र्याच्या हाताखालचे अधिकारी असावेत असें समजतो. एका मुलानें आम्हांस स्पष्ट विचारलें, "सचिव दत्ताजी त्रिंबकांच्या हाताखालीं का?" प्रश्न चुकीचा, पण तर्क निर्दोष, कारण दत्ताजी त्रिंबक हे 'मंत्री' होते. मनुस्मृतींत राजानें सात किंवा आठ सचिव नेमावेत असें सांगितलें आहे, तेथें सचिव म्हणजे राजाचा सल्लागार प्रधान. राज्याभिषेकाच्या वेळीं तोच जुना अर्थ घेतला होता. दत्ताजीपंत वाकनीस, म्हणजे राजाच्या नित्याच्या हकीकतीची, भेटी-आमंत्रणांची व खाजगी कारभाराची दखल ठेवणारे. अण्णाजीपंत सुरनीस, म्हणजे राजपत्रें तपासून त्यांतला अधिक-उणा मजकूर दुरुस्त करणारे. हे दोघेही आपापल्या जागीं प्रधान, एक दुसऱ्याच्या खालीं नव्हे. या दोन शब्दांचा आजचा अर्थ बाजूस ठेवा, एवढी एक सूचना पुस्तिकेंत असती तर अर्धा प्रश्न सुटला असता.

कामांच्या रकान्याकडे वळूं. कानुजाबत्यांतील कामांची वांटणी वाचतां पहिली गोष्ट लक्षांत येते ती ही कीं बहुतेक प्रधानांस आपल्या लेखणीच्या कामाबरोबर स्वारीचें व मुलूख राखण्याचेंही काम आहे. पंडितराव व न्यायाधीश यांखेरीज इतरांनीं प्रसंगीं फौज घेऊन जावयाचें होतें. मोरोपंत व अण्णाजी दत्तो यांच्या स्वाऱ्या तर प्रसिद्धच आहेत. पुस्तिकांत मात्र युद्ध हें फक्त सेनापतीच्या रकान्यांत आहे, जणूं काय बाकीचे सात जण गडावरील कचेरींत बसून होते. दुसरी गोष्ट म्हणजे कागदावरील खुणा. मुख्य प्रधानाचा शिक्का, सचिवाची तपासणी, अमात्याचा जमाखर्चाचा निर्वाळा, अशीं वेगवेगळ्या हातांचीं चिन्हें राजपत्रावर उमटावींत अशी योजना होती. राज्यकारभार म्हणजे काय हें मुलास दाखवावयाचें असेल तर एखादें अस्सल पत्र, निदान त्याची प्रतिकृति, त्याच्यापुढें धरावी. वर मुद्रा, शेवटीं मोर्तब, आणि अखेरीस वा पाठीवर सूद-बाराच्या खुणा. एकट्याच्या सहीनें पत्र सुटत नसे. कोणाच्या तरी नजरेखालून तें जात असे. आम्हीं हा प्रयोग दोन वेळां केला. कोष्टकावर जांभया देणारीं मुलें पत्राच्या पाठीवरची खूण शोधण्यासाठीं एकमेकांस ढकलूं लागलीं. प्रतिकृतीस भिंग लावून पाहण्यासाठीं झालेल्या झटापटींत आमचें एक भिंग फुटलें, तो खर्च आम्हीं आनंदानें सोसला.

आतां पांचवा रकाना. 'पेशवा म्हणजे आजचा पंतप्रधान, अमात्य म्हणजे अर्थमंत्री, सुमंत म्हणजे परराष्ट्रमंत्री, सेनापति म्हणजे संरक्षणमंत्री.' सातही पुस्तिकांत हा रकाना आहे आणि पांचांत त्याखालीं असा निष्कर्ष आहे कीं महाराजांनीं सतराव्या शतकांत मंत्रिमंडळ पद्धति सुरू केली. अशी तुलना करण्यांत मूळचा अपराध पुस्तिकाकारांचा नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं इ. स. १९०० मध्यें प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत अष्टप्रधानांची तुलना हिंदुस्थान सरकारच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या, कार्यकारी मंडळाशीं केली आहे. रानड्यांची तुलना मार्मिक होती, कारण तिच्या दोन्ही बाजू जुळत होत्या. व्हाइसरॉयचें मंडळ हिंदी लोकांनीं निवडलेलें नव्हतें, येथील कोणत्याही सभेस जबाबदार नव्हतें. वर एक मुख्य पुरुष व त्याखालीं खातीं वांटून घेतलेले अधिकारी, अशी त्याची घडण होती. शिवाय आठांपैकीं कोणते प्रधान त्या मंडळांत सांपडत नाहींत हेंही रानड्यांनीं दाखविलें होतें. पुढें व्हाइसरॉय गेले. आमचा तर्क असा कीं कोणा पुस्तिकाकारानें तुलना तशीच ठेवून फक्त एका बाजूचें नांव बदललें, आणि तेथें स्वतंत्र भारताचें मंत्रिमंडळ आणून बसविलें. एका बाजूचा गाभाच बदलला, पण तुलनेचें वाक्य बदललें नाहीं.

सर जदुनाथ सरकार यांनीं १९१९ च्या आपल्या शिवचरित्रांत नेमकी उलट बाजू घेतली. अष्टप्रधान हें कोणत्याही अर्थानें मंत्रिमंडळ नव्हे, राजाच्या हुकुमाप्रमाणें चालणाऱ्या कारभाऱ्यांचा तो समूह होता, असें त्यांचें मत. त्यांचा सूर आम्हांस थोडा कडक वाटतो. ज्या मोरोपंतांवर मुलूख सोंपवून महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले, त्यांस केवळ लेखक म्हणणें बरें नव्हे. परंतु मूळ मुद्द्यावर सरकारांचें म्हणणें नाकारतां येत नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणें मंत्रिमंडळ हें लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. लोकसभेचा विश्वास उडाला तर सर्वांस एकत्र जावें लागतें. अष्टप्रधानांपैकीं प्रत्येक जण राजास एकटा जबाबदार होता. एकाची नेमणूक, बडतर्फी वा शिक्षा यांचा दुसऱ्याच्या पदाशीं संबंध नव्हता. आठांनीं एकत्र बसून बहुमतानें ठराव केल्याचा एकही कागद आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. संख्येचें पाहावें तर २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनें पंतप्रधानांसह मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सभासदांच्या पंधरा टक्क्यांपर्यंत मर्यादित केली; ती मर्यादा सभागृहावरून ठरते. रायगडावरील आठ हा आंकडा धर्मशास्त्रांतून आणि आठ दिशांच्या विधींतून आला. हा फरकच मुलास सांगण्याजोगा होता. तुलना करा म्हटलें म्हणजे साम्यच लिहावें, असा अलिखित नियम या पुस्तिकांनीं करून ठेवला आहे.

आणि यांत महाराजांचा गौरव होतो असें जर कोणास वाटत असेल तर तोही गैरसमज आहे. चालू पद्धतीचा आरंभ त्यांनीं केला असें म्हटल्यानें त्यांनीं स्वतः काय केलें हें झांकलें जातें. पद रोख वेतनावर ठेवणें, प्रधानास मुलूख बक्षीस न देतां कागदांच्या परस्पर तपासणींत बांधणें, जुन्या सेवकांच्या मुलांस घ्यावें पण हक्क म्हणून नव्हे, ह्या गोष्टी त्या काळच्या दक्षिणेंत नवलाच्या होत्या. त्या सांगण्यास पंतप्रधानांची उपमा लागत नाहीं.

कित्येक वाचकांस वाटेल कीं शाळकरी वह्यांशीं आमच्या संग्राहक मित्रांचा संबंध काय? त्यांस एका प्रसिद्ध उदाहरणाची आठवण देतों. एके काळीं 'शिवाजी महाराजांचा जन्म केव्हां झाला' या प्रश्नाचें शाळेंतील उत्तर १६२७ असें होतें. कारीच्या जेध्यांच्या घरीं सांपडलेल्या शकावलीनें फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि पुढें आणली. ती शकावली १९१६ मध्यें छापली गेली. पुढें परमानंदाच्या शिवभारताची तंजावरास मिळालेली पोथी १९२७ मध्यें दिवेकरांनीं प्रसिद्ध केली, तींतही तीच तिथि निघाली. वाद पुष्कळ झाला, समित्या बसल्या, आणि अखेर एकविसाव्या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ग्राह्य धरली. एका मावळी घराण्यानें जपलेल्या चोपडीमुळें लाखों मुलांच्या गृहपाठाचें उत्तर बदललें, पण त्यास ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं. या मधल्या वर्षांत ज्यांनीं १६३० लिहून गुण गमावले असतील, त्यांची मोजदाद कोणी केलेली नाहीं.

म्हणून सध्यां आम्हीं आमच्यापुरती एक रीत ठेविली आहे. मूल प्रश्न घेऊन आलें कीं त्यास नुसतें नांव सांगत नाहीं. सभासदाची बखर, कानुजाबता आणि शाळेचें पुस्तक हीं तीनही समोर उघडून ठेवतों, आणि प्रत्येकाचें साल वहीच्या कडेस आधीं लिहावयास लावतों. मग उत्तर असें होतें : 'सभासदाच्या बखरींत (१६९७) अमात्य म्हणून दोघां बंधूंचीं नांवें आहेत, पुष्कळ पुस्तकें त्यांपैकीं रामचंद्र निळकंठ हें एक नांव देतात.' यावर एका मुलानें विचारलें, "मग परीक्षेला कोणतें लिहूं?" मंडळींत मतभेद झाला. आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले कीं जें कागदांत आहे तेंच लिहावें, गुणांची पर्वा करूं नये. गुणांची पर्वा न करण्याचें वय आमचें आहे, त्या मुलाचें नाहीं. आम्हीं त्यास पाठ्यपुस्तकांतील नांव पहिल्यानें लिहून बखरीचा उल्लेख पुढें जोडण्यास सांगितलें. हें समाधानकारक आहे असें आम्हांस स्वतःसही वाटत नाहीं. ज्येष्ठ सभासद अद्याप आमच्याशीं या विषयावर बोलत नाहींत.

त्या पहिल्या मुलीस आम्हीं तिन्ही कागद पुनः दाखविले. तिनें ते वाचले, मान हलविली आणि नारो निळकंठांचें पुढें काय झालें असें विचारलें. त्या प्रश्नास समाधानकारक उत्तर देण्याजोगी सामग्री आमच्या संग्रहीं नाहीं. ज्या संग्राहकांकडे इ. स. १६७२ ते १६८० या काळांतील अमात्यांच्या खुणा असलेलीं राजपत्रें, किंवा निळो सोनदेवांच्या घराण्याचे कागद असतील, त्यांनीं त्यांच्या अस्सलबरहुकूम नकला आमच्याकडे पाठवाव्यात. कागद परत मिळण्याची हमी आम्हीं घेतों. उत्तर आलें म्हणजे तें आधीं त्या मुलीस कळवूं आणि मग येथें छापूं.